हक्काचं, पण रिटर्न भरल्याशिवाय न मिळणारं

कॅनडात कुठल्या पक्षाने लोकांसाठी काय केलं, याची चर्चा ओटावातल्या भाषणांवरून आणि अर्थसंकल्पातल्या आकड्यांवरून होते. पण सरकारचा पैसा एखाद्या घरात पोचतो की नाही, हे ठरतं टी-१ या आयकराच्या कागदावर. आपण सगळे त्याला नुसतं 'रिटर्न' म्हणतो आणि बहुतेकांना ते ३० एप्रिलपर्यंत भरायचं असतं. मुलांचा भत्ता, कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारं जीएसटी क्रेडिट, ज्येष्ठांचा पूरक भत्ता, दातांच्या उपचारांची योजना, दिव्यांगांसाठीचा नवा भत्ता, अशा फेडरल सरकारच्या बहुतेक मोठ्या योजना या एका कागदाला बांधलेल्या आहेत. रिटर्न नाही, तर हक्क असूनही हाती काही नाही. म्हणून मला वाटतं, इथल्या सामाजिक धोरणावर 'किती द्यायचं' याइतकंच 'पोचवायचं कसं' यावरही भांडण व्हायला हवं. ते कुठलाच पक्ष मन लावून करत नाही.

कार्लटन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये या प्रश्नाचं माप काढलं होतं. रिटर्न न भरणारे लोक दहा-बारा टक्के निघाले आणि त्यातल्या नोकरीच्या वयाच्या लोकांनी २०१५ या एका वर्षात सुमारे १७० कोटी डॉलरच्या भत्त्यांवर पाणी सोडलं, असा त्यांचा अंदाज होता. हे लोक कर चुकवणारे नव्हेत. यातल्या पुष्कळांना कर लागतच नाही, आणि म्हणूनच रिटर्न भरायचं त्यांच्या मनातही येत नाही. उत्पन्न शून्य असलेली गृहिणी, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, एकटे राहणारे आजोबा, रिझर्व्हवर, म्हणजे मूळनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, राहून तिथेच नोकरी करणारे आणि त्या पगारावर कर माफ असलेले मूळनिवासी. ज्यांना पैशाची सर्वांत जास्त गरज आहे, तेच या गाळणीत अडकतात.

चाइल्ड बेनिफिट, म्हणजे सीसीबी, घेऊन हिशेब मांडून बघू. एका घरात चार आणि नऊ वर्षांची दोन मुलं आहेत आणि नवरा-बायकोचं मिळून निव्वळ उत्पन्न ६०,००० डॉलर आहे. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी सहा वर्षांखालच्या मुलाला जास्तीत जास्त ७,९९७ आणि सहा ते सतरा वयाच्या मुलाला ६,७४८ डॉलर ठरले आहेत. दोन्ही मिळून १४,७४५. कुटुंबाचं उत्पन्न ३७,४८७ च्या वर गेलं की कपात सुरू होते. दोन मुलांसाठी तिचा दर वरच्या रकमेच्या १३.५ टक्के. ६०,००० मधून ३७,४८७ वजा केले की २२,५१३ उरतात, त्याचे १३.५ टक्के म्हणजे ३,०३९. ते वजा जाता वर्षाला ११,७०६, महिन्याला साधारण ९७५ डॉलर, तेही करमुक्त. ओंटारियोसारख्या प्रांताचा बालभत्ताही याच रिटर्नवरून ठरतो.

आता याच घरात नवऱ्याने रिटर्न भरलं आणि 'माझं उत्पन्नच नाही, मी कशाला भरू?' म्हणून बायकोने भरलं नाही, तर जुलैपासून हे पैसे थांबतात. कपात होत नाही, सरळ थांबतात. भत्ता कुटुंबाच्या उत्पन्नावर असल्यामुळे दोघांचीही रिटर्न्स लागतात, आणि उत्पन्न शून्य असेल तर 'शून्य आहे' असं कागदावर सांगावं लागतं. भारतातून आलेल्या कुटुंबांत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

नव्याने आलेल्यांच्या वाटेत आणखी दोन खड्डे आहेत. पर्मनंट रेसिडेंट असाल तर आल्या आल्या, पहिल्या रिटर्नची वाट न पाहता, आरसी-६६ हा अर्ज आणि त्याची पुरवणी भरून सीसीबी मागता येतो. त्या पुरवणीत कॅनडात येण्याआधीचं जगभरातलं उत्पन्न विचारतात. तिथे शून्य लिहायचं नाही आणि रुपयांतही लिहायचं नाही, कॅनडियन डॉलरमध्ये लिहायचं. पुढे दरवर्षी ठाण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि बँकेतल्या मुदतठेवीचं व्याजही रिटर्नमध्ये दाखवायचं. तो फ्लॅट भाड्याने दिलेला असेल आणि परदेशातल्या अशा मालमत्तेची खरेदी किंमत (कॅनडात येण्याआधी घेतलेली असेल तर येतानाचा बाजारभाव) एकूण १,००,००० डॉलरच्या वर असेल, तर टी-११३५ वेगळा भरायचा. उशीर झाला तर दिवसाला २५ डॉलरप्रमाणे २,५०० पर्यंत दंड चढतो, कर एक पैसाही लागत नसला तरी. वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर असलेल्यांना सीसीबीसाठी अठरा महिने थांबावं लागतं आणि एकोणिसाव्या महिन्यात परमिट चालू असावं लागतं. एकट्या विद्यार्थ्याला सीसीबीचा प्रश्न नाही, पण तो करापुरता इथला रहिवासी धरला जात असेल तर जीएसटी क्रेडिट त्यालाही मिळू शकतं. त्यासाठी आरसी-१५१ आहे. 'मी विद्यार्थी आहे, माझा काय संबंध' म्हणून कितीतरी मुलं तो भरत नाहीत.

एवढं असूनही सीसीबी ही मला या देशाची सर्वांत चांगली योजना वाटते. कॅनडाने १९४५ मध्ये प्रत्येक मुलामागे भत्ता सुरू केला. तो दीर्घकाळ उत्पन्न न बघता सगळ्यांना मिळायचा आणि १९९२ च्या अखेरपर्यंत चालला. २००६ मध्ये हार्पर सरकारने सहा वर्षांखालच्या मुलामागे महिना १०० डॉलर सरसकट द्यायला सुरुवात केली. त्यावर कर लागायचा, पण लखपतीच्या घरीही तो तितकाच जायचा. जुलै २०१६ मध्ये ट्रुडो सरकारने तो आणि इतर बालभत्ते एकत्र करून सीसीबी आणला. जास्त गरज तिथे जास्त पैसे, पावत्या मागायच्या नाहीत, खर्च कशावर केला ते विचारायचं नाही. बाळाची जन्मनोंदणी करताना संमतीची एक खूण केली की बहुतेक प्रांतांत वेगळा अर्जही लागत नाही. आईबापांवर विश्वास ठेवणारी योजना अशी असते. पुढे कुठल्याही मोठ्या पक्षाने ती मोडायची भाषा केली नाही, हे मला तिचं मोठं यश वाटतं.

तिचं दुखणं वेगळं आहे. ती गेल्या वर्षाच्या उत्पन्नावर चालते. जानेवारी २०२६ मध्ये नोकरी गेली, तर जून २०२६ पर्यंत भत्ता २०२४ च्या पगारावर मिळणार आणि जुलै २०२६ ते जून २०२७ पर्यंत २०२५ च्या. घरात पैसे नसलेलं वर्ष सरकारच्या हिशेबात यायला दीड वर्ष जातं. लग्न, घटस्फोट किंवा नव्वद दिवसांहून जास्त काळ वेगळं राहणं कळवलं तर भत्ता मधेच नव्याने मोजतात. नोकरी जाण्याला ती सोय नाही.

या मागच्या तारखेच्या हिशेबाने केवढं नुकसान होतं, ते २०२१ मध्ये दिसलं. महामारीत ६ एप्रिल २०२० ला सर्बचे, म्हणजे काम बुडालेल्यांसाठीच्या तातडीच्या मदतीचे, अर्ज सुरू झाले. चार आठवड्यांचे २,००० डॉलर, स्वतःच्या शब्दावर, आणि काही दिवसांत खात्यात जमा. सरकारने मनावर घेतलं तर केवढ्या वेगाने पैसे पोचतात, याचा तो पुरावा होता. पण अट ५,००० डॉलर उत्पन्नाची होती आणि स्वयंरोजगारवाल्यांना हे उत्पन्न खर्च वजा करण्याआधीचं की नंतरचं, ते नीट सांगितलेलं नव्हतं. वर्षाखेरीस लोकांना पैसे परत करण्याची पत्रं आली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारला भूमिका बदलावी लागली. त्याहून वाईट झालं ज्येष्ठांचं. छोटीमोठी नोकरी करून घर चालवणाऱ्या गरीब ज्येष्ठांनी नोकरी गेली म्हणून सर्ब घेतला. तो २०२० च्या उत्पन्नात धरला गेला आणि जुलै २०२१ मध्ये त्यांचा पूरक भत्ता कापला गेला किंवा बंद झाला. भाडं थकलं, औषधांना कात्री लागली. सरकारने २०२२ मध्ये एकरकमी भरपाई दिली आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून कायदा केला, पण मधले महिने कोणी परत देत नाही. एका योजनेचं पाऊल दुसरीच्या पायावर पडणार हे आधी कोणी तपासलंच नव्हतं.

हा पूरक भत्ता म्हणजे जीआयएस, आणि तो ज्याच्यावर उभा आहे ती ओल्ड एज सिक्युरिटी, म्हणजे ओएएस. इथे आपल्या लोकांचे गैरसमज पुष्कळ आहेत. ओएएस हा कामाचा मोबदला नव्हे, वास्तव्याचा आहे. अठरा वर्षांच्या वयानंतर कॅनडात किमान दहा वर्षं राहिलात तर ६५ व्या वर्षी सुरू होतो आणि प्रत्येक वर्षाला एक चाळीसांश मिळतो. २०२५ च्या शेवटी पूर्ण रक्कम महिना ७४० डॉलरच्या आसपास होती, म्हणजे पंधरा वर्षं राहिलेल्याला सुमारे २७७. उत्पन्न कमी असेल तर जीआयएस ही उणीव बरीच भरून काढतो. वर्षं कमी पडत असतील तर भारत आणि कॅनडा यांच्यातला १ ऑगस्ट २०१५ पासूनचा सामाजिक सुरक्षा करार उपयोगी पडतो. भारतातल्या कर्मचारी पेन्शन योजनेत भरलेली वर्षं पात्रतेसाठी जोडता येतात. रक्कम मात्र कॅनडातल्या वर्षांवरच ठरते.

पैसे बुडतात ते तीन ठिकाणी. एक म्हणजे अर्ज. काहींचं नाव आपोआप नोंदलं जातं, पण बाहेरून आलेल्यांना बहुधा स्वतः अर्ज करावा लागतो, आणि उशीर झाला तर मागचे जास्तीत जास्त अकरा महिनेच मिळतात. सत्तराव्या वर्षी कळलं तर मधली चार वर्षं गेली. हां, मुद्दाम पुढे ढकलल्यास महिन्याला ०.६ टक्के वाढ मिळते, पण जीआयएस लागू होणाऱ्याने ढकलणं म्हणजे हातचं घालवणं. दुसरं, वास्तव्याचा पुरावा. जुने पासपोर्ट, अगदी कोपरा कापलेले रद्द पासपोर्टसुद्धा, फेकू नका. त्यातले शिक्केच शेवटी कामाला येतात. तिसरं, पुण्यातला मुक्काम. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर जीआयएस थांबतो आणि कॅनडात वीस वर्षं झालेली नसतील तर ओएएसही थांबतो. न कळवता घेत राहिलात तर वसुली होते.

एक गोष्ट कोणी वेळेवर सांगत नाही. जीआयएसच्या हिशेबात आरआरएसपीतून, म्हणजे निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, काढलेला प्रत्येक डॉलर उत्पन्न धरला जातो आणि त्यामागे साधारण पन्नास सेंट भत्ता कापला जातो. टीएफएसए या करमुक्त बचत खात्यातून काढलेला पैसा धरला जात नाही. नोकरीच्या उत्पन्नातले पहिले ५,००० डॉलर आणि पुढच्या १०,००० पैकी निम्मे मोकळे सोडलेले आहेत. म्हणजे म्हातारपणी उत्पन्न कमीच राहणार हे दिसत असेल, तर बचत टीएफएसएमध्ये करावी. उलट, घरात लहान मुलं असताना आरआरएसपीचा दुहेरी फायदा आहे. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने त्यात ५,००० डॉलर टाकले तर ते निव्वळ उत्पन्नातून वजा होतात, म्हणून कर वाचतोच, शिवाय पुढच्या वर्षीचा सीसीबी ६७५ डॉलरने वाढतो. ही दोन वाक्यं सरकारने प्रत्येक घरी पत्राने कळवायला हवी होती. ती सल्लागाराला फी देणाऱ्यांनाच कळतात, आणि हा अन्याय आहे असं मी म्हणेन.

आईवडिलांना इथे आणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की स्पॉन्सर करताना त्यांच्या खर्चाची वीस वर्षांची हमी लिहून द्यावी लागते, क्वेबेकमध्ये दहा. सुपर व्हिसावर आलेल्यांना एका खेपेस पाच वर्षं राहता येतं, पण या भत्त्यांपैकी काही मिळत नाही.

आता वाईट आखलेल्या योजनेचा नमुना. २०२३ च्या जून महिन्यात दिव्यांग भत्त्याचा कायदा झाला तेव्हा दिव्यांगांची गरिबी कमी करण्याचं वचन त्याच्या उद्देशातच होतं. जुलै २०२५ मध्ये पहिले पैसे आले, महिना जास्तीत जास्त २०० डॉलर. दिवसाला साडेसहा. रकमेचं दुःख आहेच, पण दाराशीच जे कुलूप आहे त्याचं मला जास्त वाटतं. हा भत्ता मिळायला डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिटचं प्रमाणपत्र लागतं. ते टी-२२०१ डॉक्टरकडून भरून घ्यावं लागतं आणि पुष्कळदा डॉक्टर त्याची फी घेतात. ही सवलत कर कमी करणारी आहे, रोख परत देणारी नाही. ज्यांना करच लागत नाही अशा गरीब दिव्यांगांना ती मागण्यात आजवर फारसा अर्थ नव्हता, म्हणून त्यांच्यातल्या पुष्कळांकडे प्रमाणपत्रच नाही. ज्यांच्यासाठी भत्ता केला तेच बाहेर राहिले. प्रांतांकडे दिव्यांगांची तपासलेली यादी आधीपासून आहे, कारण तिथे ते दर महिन्याला मदत घेतात. तीच यादी मान्य करायला काय हरकत होती? वर आल्बर्टा सरकारने हे २०० डॉलर स्वतःच्या दिव्यांग मदतीतून वजा करायचं ठरवलं. फेडरल तिजोरीतून निघालेला पैसा तिथे दिव्यांगाच्या खिशात राहतच नाही. सीसीबीच्या वेळी प्रांतांनी तो कापू नये असं ठरवून घेतलं होतं. इथे कायदा आधी झाला आणि बोलणी नंतर.

दातांच्या योजनेबद्दल थोडक्यात. कुटुंबाचं निव्वळ उत्पन्न ९०,००० च्या खाली आणि दातांचा खासगी विमा नसणं, या दोन मुख्य अटी. ७०,००० च्या आत योजनेच्या दराने पूर्ण खर्च मिळतो, त्यावर ४० आणि पुढे ६० टक्के आपण भरायचे. दरवर्षी नूतनीकरण करायचं, त्याला पुन्हा रिटर्न लागतं. कंपनीने विमा देऊ केला आणि तुम्ही हप्ता वाचवण्यासाठी नाकारला, तरी सरकारच्या लेखी तुम्हाला विमा 'उपलब्ध' आहे. टी-४ या पगाराच्या स्लिपवरच्या ४५ क्रमांकाच्या चौकटीत कंपनी ते कळवते. नूतनीकरणाच्या वेळी ती चौकट आधी बघावी.

ही योजना आली ती अल्पमतातल्या सरकारमुळे. मार्च २०२२ मध्ये लिबरल आणि डावीकडे झुकणारा एनडीपी या पक्षांचा करार झाला, सप्टेंबर २०२४ मध्ये एनडीपीने तो मोडला. साठच्या दशकात पंतप्रधान पिअर्सन यांच्याकडेही बहुमत नव्हतं, आणि सीपीपी, म्हणजे कॅनडाची पेन्शन योजना, व सार्वजनिक आरोग्य विमा त्याच काळात आले. मला तर अल्पमतातली संसद नागरिकाच्या फायद्याची वाटते. २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत कार्नी यांचे लिबरल ३४३ पैकी १६९ जागांवर थांबले, पण एनडीपी सातवर आली आणि मान्यताप्राप्त पक्षाचा दर्जाही गेला. सामाजिक योजनांसाठी अडून बसणारं सभागृहात कोणी उरलं नाही. पहिलं मोठं पाऊल कर कपातीचं पडलं. सर्वांत खालचा दर १५ वरून १४ टक्के झाला. दोन मिळवत्यांच्या घराला वर्षाला जास्तीत जास्त ८४० डॉलर वाचतात असं सरकार सांगतं. ज्याला कर लागत नाही त्याला शून्य. तोच पैसा जीएसटी क्रेडिटमध्ये घातला असता तर तळापर्यंत पोचला असता, हे माझं मत ठाम आहे.

याच सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात मात्र एक काम योग्य हातात घेतलं. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या खाली आहे आणि ते सगळं सरकारकडे आधीच आलेल्या स्लिपांवर आहे, अशांचं रिटर्न सीआरए, म्हणजे कॅनडाचं कर खातं, स्वतः भरणार. २०२८ च्या करवर्षापर्यंत ५५ लाख लोकांपर्यंत जाण्याचं उद्दिष्ट आहे. मी याच्या बाजूने आहे, आणि घाई करा असंही म्हणेन. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी कारभार तपासणाऱ्या ऑडिटर जनरलच्या तपासणीत वैयक्तिक कराच्या साध्या प्रश्नांना सीआरएच्या फोन केंद्राने दिलेली जेमतेम १७ टक्के उत्तरं बरोबर निघाली. 'अडलं तर फोन करा' हा सल्ला आता कोणाला द्यायचा? तोपर्यंत स्वयंसेवकांची मोफत कर शिबिरं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये वाचनालयांत आणि वस्तीकेंद्रांत ती भरतात. क्वेबेकमध्ये प्रांताचं दुसरं रिटर्नही लागतं, तेही तिथेच भरून मागावं.

पण या आपोआप भरण्याने भारतातल्या ठेवीचं व्याज असलेला नवागत सुटतो आणि कुठलीच स्लिप नसलेला बेघर माणूसही सुटतो. त्यांच्यासाठी माणसंच पाठवावी लागतील. ओएएसची अकरा महिन्यांची मर्यादा काढायला आणि नोकरी गेल्यास सीसीबी मधेच मोजायला मात्र नवी यंत्रणा लागत नाही. पेन्शन घटली तर जीआयएससाठी चालू वर्षाचं अंदाजी उत्पन्न कळवण्याची सोय आजही आहे. तीच मुलांच्या भत्त्याला लावायची.

हे कोणी लावून का धरत नाही, त्याचं एक उत्तर त्याच टी-१ वर सापडतं. त्यात दोन छोटे प्रश्न आहेत. तुम्ही कॅनडाचे नागरिक आहात का, आणि तुमचं नाव-पत्ता इलेक्शन्स कॅनडाला देऊ का. मतदार यादी ताजी ठेवण्याचा हा एक मोठा मार्ग आहे आणि पक्षांचे कार्यकर्ते त्याच यादीवरून दारं ठोठावतात. जो रिटर्न भरत नाही त्याचा जुना पत्ता यादीत राहून जाण्याचा धोका जास्त, आणि मग उमेदवार त्याच्या दारी येतच नाही. नागरिक असाल आणि नाव यादीत नसेल, तर ओळख आणि पत्त्याचा पुरावा घेऊन मतदानाच्या दिवशीही केंद्रावर नोंदणी करून मत देता येतं.